नौकेच्या अंगावरचे मेण

नौकानयनाचा इतिहास लिहिणारे बहुधा नौका कोणी बांधली, ती कोठवर गेली आणि परतताना तिने काय आणले, एवढे सांगून थांबतात. ती टिकली कशी, हा प्रश्न त्यांना फारसा पडत नाही. वस्तुतः नौका एकदा पाण्यात लोटणे सोपे. तिचे अंग वर्षानुवर्षे जपणे हे अधिक चिकाटीचे काम आहे. ऊन, मीठ, वारा आणि पाणी या चौघांचा मारा तिच्यावर अहोरात्र चालू असतो. या चौघांना थोपवून धरण्यासाठी माणसाने युगानुयुगे काय काय केले, त्याचा शोध घेतला म्हणजे एका वेगळ्याच इतिहासाचे दर्शन घडते. तो राजांचा वा दर्यावर्दींचा इतिहास नाही. चिंधी, कुंचला आणि तेलाचे मडके घेऊन किनाऱ्यावर बसलेल्या सामान्य माणसांचा तो इतिहास आहे.

प्रस्तुत लेखासाठी आम्ही निवडलेला विषय वरकरणी किरकोळ वाटेल. फायबरग्लासच्या नौकेला ठरावीक मुदतीने मेण लावून तिची कांती राखणे, एवढाच तो विषय. परंतु आज कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या सर्रास दिसू लागल्या आहेत, आणि या होडीला काहीच करावे लागत नाही असा समजही तितकाच सर्रास पसरला आहे. हा समज कोठून आला, तो कितपत खरा आहे आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

प्लिनीची साक्ष

नौकेच्या अंगाला लेप देण्याची चाल नौकेइतकीच पुरातन असावी. उत्पत्तीच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात नोहाला तारू बांधण्याची आज्ञा होते, त्याच वेळी ते आतून आणि बाहेरून डांबराने लिंपण्याचीही आज्ञा होते. तारवाची मापे सांगण्याआधी हा लेप सांगितला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मेणाविषयीची स्पष्ट साक्ष मात्र रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी देतो. इसवी सन ७७ च्या सुमारास पूर्ण झालेल्या आपल्या ३७ खंडांच्या निसर्गविषयक ग्रंथात, चित्रकलेचा इतिहास सांगताना तो तापविलेल्या मेणाच्या चित्रकलेकडे वळतो. या कलेचे दोन जुने प्रकार सांगून तो तिसऱ्याची भर घालतो. मेण विस्तवावर वितळवायचे, त्यात रंग मिसळायचा आणि कुंचल्याने तो लावायचा, असा हा तिसरा प्रकार. युद्धनौका रंगविण्याची प्रथा सुरू झाली तेव्हा तो रूढ झाला, असे प्लिनी नमूद करतो. नौकेवर चढविलेला असा रंग ऊन, खारे पाणी आणि वारा यांनी बिघडत नाही, अशी ग्वाहीही तो देतो. ही माहिती ऐकीव म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण प्लिनी स्वतः मिसेनम येथील रोमन आरमाराचा प्रमुख होता. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा लोकांच्या मदतीसाठी तो नौका घेऊन निघाला आणि त्याच आपत्तीत त्याचा अंत झाला. नौकेचे अंग कशाने विटते, हे त्याने रोज पाहिले असणार.

त्या काळी मेण म्हणजे मधमाशीचे मेण. ते समुद्राच्या पाण्यात पुनःपुन्हा उकळून आणि उन्हात वाळवून शुभ्र केले जाई, त्याची कृतीही प्लिनीने दिली आहे. त्याने टिपलेली आणखी एक मौज अशी की, जुन्या जहाजांच्या अंगावरून खरवडून काढलेले डांबर-मेणाचे मिश्रण औषध म्हणून वापरले जाई आणि त्याला स्वतंत्र नावही होते. खरवडण्याचा उल्लेख आला, त्या अर्थी पुन्हा नवा लेप देण्याची रीतही होतीच. दोन हजार वर्षांपूर्वी नौकेला मेण लावणे हे एकदा करून विसरण्याचे काम नव्हते.

माशाचे तेल, चुना आणि काजू

आपल्या समुद्रात मेणापेक्षा तेलाचे राज्य अधिक होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात नारळाच्या काथ्याने शिवलेली जहाजे पाहिली. त्यांना डांबर न लावता माशाचे तेल चोळतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर ही चाल विसाव्या शतकापर्यंत टिकली. पाण्यावरच्या भागाला माशाच्या यकृताचे तेल, आणि पाण्याखालच्या बुडाला चुना व चरबी यांचे थापलेले मिश्रण, अशी ही दुहेरी तजवीज होती. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर तेलात कढविलेली राळ भरीत. बुडावरचा चुन्याचा थर लाकूड पोखरणाऱ्या किड्याला अडवी. तो थर झिजे, खरवडला जाई आणि पुन्हा चढविला जाई.

पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात, वसई हे जहाजबांधणीचे एक केंद्र होते. आसपासच्या रानांतील सागवान तेथे येई. याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून एक झाड आपल्या किनाऱ्यावर आणले. ते झाड काजूचे. गर खाऊन झाल्यावर उरणाऱ्या टरफलात एक जहाल, काळसर तेल असते. बिबव्याच्या तेलाप्रमाणे ते कातडीला लागले तर फोड येतात; दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. हे तेल लाकडात मुरले की कीड आणि ओल यांना अटकाव होतो, हे पश्चिम किनाऱ्यावरील लोकांनी हेरले आणि होड्यांना व जाळ्यांना ते लावण्याचा प्रघात पडला. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील झाडाने कोकणातील नौकेला नवे कवच दिले. त्याच ब्राझीलची आणखी एक देणगी पुढे यावयाची होती, तिच्याकडे आम्ही यथावकाश येऊ.

पावसाळ्यात होडी वर ओढावी, उलटीपालटी करून घासावी, उन्हात वाळवावी, तेल द्यावे आणि मग नारळाच्या झापांनी शाकारून ठेवावी, हा आपल्या किनाऱ्यावरचा नेम. या कामात नाखवा, खलाशी, घरची मुले, म्हातारे असे सारेच गुंतलेले असत. होडीच्या कोणत्या फळीत दोष आहे, कोठे गळते, कोठे मऊ पडले आहे, हे या हातांना नकळत कळत असे. तेल लावण्याच्या निमित्ताने दरवर्षी होडीची अंगोअंग तपासणी होई. हा तेल लावण्याचा दुसरा आणि कदाचित अधिक मोठा लाभ होता.

अशा निगराणीने लाकूड किती टिकते, याचा एक पुरावा आजही पाण्यावर तरंगतो आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानातून बांधलेली ब्रिटिश आरमाराची त्रिंकोमाली ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून उभी आहे. सागवानाची थोरवी तर खरीच. परंतु वेळोवेळी डागडुजी करणारे हात नसते, तर त्या सागवानानेही इतकी साथ दिली नसती.

काचेची नौका

विसाव्या शतकाने नौकेचे द्रव्यच बदलून टाकले. १९३२ साली अमेरिकेतील एका काच कारखान्यात डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या विटा जोडण्याचा प्रयोग करीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबयुक्त हवेचा झोत बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर यांच्या मार्गदर्शनाखाली या तंतूंचे रीतसर उत्पादन सुरू झाले. त्याच दशकात पॉलिएस्टर रेझिन सिद्ध झाले. रेझिन म्हणजे कारखान्यात घडविलेली राळच म्हणा ना! काचेचे तंतू ताण सोसतात आणि राळ त्यांना एकत्र बांधून आकार देते. १९४२ साली ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन यांनी या दोहोंच्या मिश्रणातून एक छोटी शिडाची होडी तयार केली. फायबरग्लासची ही पहिली होडी होय, असे सामान्यतः मानले जाते. १९५९ च्या न्यूयॉर्क नौका प्रदर्शनात पिअर्सन बंधूंनी ट्रायटन ही २८ फुटी शिडाची नौका मांडली आणि मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला समुद्राची वाट मोकळी झाली. १९७३ मध्ये ब्रिटिश नौदलात विल्टन ही फायबरग्लासची पहिली युद्धनौका दाखल झाली.

आपल्याकडे ही लाट सावकाश आली. १९५७ साली स्थापन झालेल्या कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी नौकांवर फायबरग्लासचे आवरण चढविण्याचे प्रयोग केले. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर १९८० च्या दशकात प्लायवूडच्या होड्या आल्या, त्यांनाही असे आवरण देण्यात येऊ लागले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटल्या गेल्या. घाईघाईत बांधलेल्या त्यांतील अनेक होड्यांच्या दर्जाविषयी पुढे तक्रारी झाल्या. महाराष्ट्रात सागवान महागले, होडी बांधणारे कसबी सुतार कमी झाले आणि येथेही फायबरकडे ओढा वाढला. मासेमारीच्या छोट्या होड्या आणि पर्यटकांना फिरवून आणणाऱ्या नौका आता बऱ्याच अंशी याच द्रव्याच्या असतात.

या नव्या नौकेची कीर्ती एका वाक्यात सामावलेली होती: ती कुजत नाही, तिला कीड लागत नाही. हे खरेच होते. परंतु कुजत नाही म्हणजे तिला काहीच होत नाही, असा अर्थ लोकांनी काढला आणि तेथे घोटाळा झाला.

कांती का विटते

फायबरच्या नौकेचा जन्म मोठा उलटा आहे. लाकडी नौकेत आधी सांगाडा, मग फळ्या आणि शेवटी लेप. फायबरच्या नौकेत आधी लेप! कारागीर साच्याच्या आतल्या बाजूला प्रथम मेण चोळतो, कारण तयार झालेली नौका साच्याला चिकटून बसू नये. मेण नीट लागले नाही, तर नौका साच्यातून सुटत नाही आणि दोहोंचीही हानी होते. या मेणावर तो रंगीत राळेचा एक थर फवारतो. त्याला जेलकोट म्हणतात. तो थर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात काचेचे तंतू नसतात. त्यानंतर राळेत भिजविलेल्या काचतंतूंच्या चटया एकावर एक बसविल्या जातात. नौका साच्यातून बाहेर निघते तेव्हा सर्वांत आधी घातलेला थर सर्वांत बाहेर असतो. नौकेचे बाळंतपणच असे मेणाच्या हाताने होते.

हा अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट हेच नौकेचे कातडे. आतील तंतूंना पाणी आणि ऊन लागू नये, ही जबाबदारी त्याची. सूर्यकिरणांतील जंबुपार भाग राळेच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडतो. पृष्ठभाग आधी निस्तेज होतो, मग त्यावरून हात फिरविला असता खडूसारखी पूड बोटांना लागते. सुटलेली राळ आणि रंगद्रव्य यांची ती पूड असते. पृष्ठभागाला अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांत मीठ, धूळ आणि तेलकट काजळी शिरून बसते. गडद रंग अधिक तापतात आणि त्यांचे विटणे लवकर नजरेस येते. आपल्याकडचे ऊन तर विचारूच नका! युरोपात जे घडायला अनेक उन्हाळे लागतात, ते येथे थोडक्या वर्षांत घडते. जेलकोट झिजून वा तडकून आतील तंतू उघडे पडले की पाणी त्यांच्या कडेने आत झिरपते आणि काच व राळ यांची पकड सैल होऊ लागते. लाकडाप्रमाणे येथे वास येत नाही, भुसा पडत नाही. दुखणे मुकाट्याने वाढते.

जेलकोटवर मेणाचा पातळ थर असला म्हणजे ऊन, मीठ आणि मळ यांचा पहिला आघात त्या थरावर होतो. छिद्रे भरून निघतात, पाणी थेंबाथेंबाने ओघळून जाते आणि मीठ सहज धुतले जाते. स्वतः झिजून खालच्या कातडीला वाचविणे, हेच मेणाचे कार्य. झिजल्यावर ते पुन्हा लावावे लागते, हा त्याचा दोष मानण्याचे कारण नाही. तो झिजण्यासाठीच घातलेला थर आहे.

मेणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जेलकोट एकदा खोलवर तडकला तर मेण तो सांधत नाही. पाण्याखालच्या भागावर जे फोड येतात, त्यांवरही मेण हा उपाय नाही. आणि केवळ मेण सर्व जंबुपार किरण अडवीत नाही. म्हणून आजच्या चांगल्या लेपांत किरण शोषणारी अन्य द्रव्येही मिसळलेली असतात.

ताडाच्या पानावरचे मेण

नौकेसाठी आणि मोटारीसाठी मिळणाऱ्या अनेक उत्तम मेणांत मुख्य घटक असतो कार्नौबा. ही ब्राझीलची दुसरी देणगी. सिआरा, पिआउई आणि रिओ ग्रांदे दो नॉर्ते या ईशान्येकडील राज्यांत कार्नौबा नावाचा ताडवर्गीय वृक्ष वाढतो. हा रखरखीत उन्हाचा, दीर्घ अवर्षणाचा मुलूख. आपल्या पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून हा वृक्ष त्यांवर मेणाचा थर धरतो. माणसाने नौकेसाठी जे शोधले, ते या झाडाला जन्मजात लाभले आहे. काजूचे मूळ घरही याच ईशान्य ब्राझीलमध्ये आहे आणि काजू व कार्नौबा ही दोन्ही नावे तेथील तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजांमार्फत जगात पसरली.

वर्षाच्या कोरड्या महिन्यांत लांब काठीला बांधलेल्या कोयत्याने पाने उतरवितात, उन्हात वाळवितात, झोडपून त्यांवरची पूड काढतात आणि ती वितळवून, गाळून मेणाचे खडे करतात. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, तर कार्नौबा सुमारे ८२ ते ८६ अंशांना. वनस्पतिजन्य मेणांत ते अतिशय कठीण आहे. उन्हाने तापलेल्या नौकेवरही ते ओघळत नाही, याचे कारण हेच. ते इतके कठीण असते की नुसते लावता येत नाही. द्रावक आणि मऊ मेणे मिसळून त्याचा लेप करावा लागतो.

या मेणाचे महत्त्व व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३५ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या रसीन गावचे मेण-उत्पादक एच. एफ. जॉन्सन हे पाण्यावर उतरू शकणाऱ्या सिकोर्स्की विमानातून या वृक्षांच्या शोधात ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे गेले. १९९८ मध्ये त्यांचे पुत्र सॅम जॉन्सन यांनी तशाच विमानाची प्रतिकृती बांधून वडिलांचा तो प्रवास पुन्हा केला.

या चकाकीला एक काळी बाजूही आहे. कार्नौबाची पाने उतरविणारे मजूर बहुतांशी हंगामी आणि अत्यंत गरीब असतात. उघड्यावर झोपणे, अशुद्ध पाणी पिणे, मुकादमाच्या कर्जात अडकणे असे त्यांचे हाल ब्राझीलच्या सरकारी तपासणी पथकांनी अलीकडच्या काळात अनेकदा उघडकीस आणले असून, गुलामीसदृश अवस्थेतून मजुरांची सुटकाही केली आहे. आपल्या हातातील मेणाच्या डबीमागे कोणाचे तरी तापलेले हात आहेत, याचे भान ठेवून ते काटकसरीने वापरावे, एवढे तरी आपल्याला करता येईल.

मेण लावण्याची रीत

कृती सोपी आहे. ती नियमाने करणे मात्र कठीण. प्रथम नौका गोड्या पाण्याने धुऊन काढावी. मिठाचे कण तसेच राहिले आणि वर चिंधी फिरली, तर ते कण कानसेसारखे काम करतात. सौम्य साबण वापरावा, मग नौका पूर्ण कोरडी होऊ द्यावी. काम सावलीत किंवा सकाळच्या गारव्यात करावे, कारण तापलेल्या पृष्ठभागावर लेप तत्काळ वाळतो आणि डाग धरतो. अंगावर पाणी शिंपडून पाहावे. थेंब टपोरे राहिले तर जुने मेण अद्याप शाबूत आहे. पाणी पसरून बसले तर नव्या थराची वेळ आली आहे.

हाताला खडूसारखी पूड लागत असेल, तर मेणाआधी ती काढावी लागते. त्यासाठी रबिंग कंपाउंड मिळते. पण येथे सावधगिरी हवी. कंपाउंड घासताना जेलकोटचाही अंश निघून जातो, आणि तो मुळातच अर्धा मिलिमीटर! दरवर्षी जोरात घासून चकाकी आणणारा मनुष्य आपल्याच नौकेचे कातडे सोलत असतो. वेळेवर मेण लावले तर घासण्याची वेळ क्वचितच येते, हेच नियमितपणाचे मर्म.

मेण थोडे घ्यावे, हातभर जागेवर गोलाकार चोळावे, ते धुरकट दिसू लागले की मऊ स्वच्छ कापडाने पुसून चमकवावे आणि मग पुढच्या हातभर जागेकडे वळावे. जाड थर दिल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. आपल्या हवामानात वर्षातून किमान दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी नौका वर घेतल्यावर आणि हंगामाच्या मध्यावर, हा परिपाठ ठेवावा. सतत उन्हात उभ्या असणाऱ्या नौकेला त्याहून अधिक वेळा. जेथे माणसे पाय ठेवतात, त्या फळीवर मेण लावू नये. पाय घसरून अपघात होतो. पाण्याखालच्या बुडाला मेण लावू नये, कारण तेथे शेवाळ व शंखशिंपल्यांना अटकाव करणारा रंग द्यावयाचा असतो आणि मेणावर तो धरत नाही. दुरुस्ती किंवा रंगकाम करण्यापूर्वी जुने मेण पूर्ण काढून टाकावे.

मासेमारीच्या होडीवर जाळी, दोर आणि वाळू यांचे घर्षण रोजचेच. तिच्या मालकाला मेणाची महागडी डबी परवडेलच, असे नाही. त्याच्यासाठीही गोड्या पाण्याने धुणे आणि सावली हे दोन उपाय उरतातच. आपल्या पूर्वजांचा झापांचा शाकार फायबरच्या होडीलाही तितकाच मानवतो, मात्र आच्छादन अंगाला घासू नये आणि आत वारा खेळता राहावा. जुनी रीत नव्या द्रव्याला लागू पडते, ती अशी. आणि मेणाची चिंधी हातभर जागेवरून फिरत असताना कोठे केसासारखा तडा गेला आहे, कोठे कोपरा टवकला आहे, हे आपोआप दिसते. तेल लावणाऱ्या हातांना पूर्वी जे कळे, तेच मेण लावणाऱ्या हातांना आजही कळते.

न कुजणाऱ्या नौकेचे ऋण

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. लाकडी होडी म्हातारी झाली की तिच्या फळ्या चुलीला, कुंपणाला लागत, उरलेसुरले मातीला मिळे. तिला मरण होते. फायबरच्या होडीला ते नाही. तिची वितळवून दुसरी वस्तू करता येत नाही, कारण एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. जाळली तर विषारी धूर होतो, कापली तर काचेची धूळ श्वासात जाते. टाकून दिली तर ती किनाऱ्यावर पडून फुटत राहते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील चिचेस्टर बंदरातील कालवांत आणि शिंपल्यांत काचतंतूंचे कण आढळले. जुन्या फायबर नौकांचे काय करायचे, हा प्रश्न आज जगभर भेडसावतो आहे. फ्रान्सने २०१९ पासून निकामी झालेल्या क्रीडानौका गोळा करून मोडण्याची देशव्यापी व्यवस्था सुरू केली. आपल्याकडे ज्या होड्या गेल्या २०-२५ वर्षांत आल्या, त्या आता वयात येत आहेत. त्यांचा लोंढा आज ना उद्या आपल्याही किनाऱ्यावर थडकणार आहे.

अशा स्थितीत, असलेली नौका दहा वर्षांऐवजी तीस वर्षे चालविणे, हाच तूर्त आपल्या हातातला उपाय आहे. दहा वर्षांत टाकलेल्या तीन होड्यांचा कचरा आणि तीस वर्षे जपलेल्या एका होडीचा कचरा, यांतला फरक सांगायला गणिताची गरज नाही. कर्ज काढून होडी घेणाऱ्या नाखव्याच्या संसारालाही हाच हिशेब लागू पडतो.

न कुजणाऱ्या वस्तूची निगा कमी लागते, असे आपण समजत आलो. इतिहासाचा कौल उलट आहे. जी वस्तू मातीला मिळत नाही, तिची जबाबदारी ती घेणाऱ्याकडे अधिक काळ राहते. प्लिनीच्या आरमारातील खलाशाने वितळलेले मेण लावले, होर्मुझच्या नावाड्याने माशाचे तेल चोळले, आपल्या आजोबांनी काजूच्या तेलाने हात पोळवून घेतले. त्या साऱ्यांना ठाऊक होते की हे काम पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागणार आहे. येत्या पावसाळ्यात होड्या वर ओढल्या जातील, तेव्हा फायबरच्या होडीच्या मालकांनीही बादलीभर गोडे पाणी, मऊ कापड आणि मेणाची एक डबी जवळ ठेवावी. घरातल्या मुलांनाही सोबत घ्यावे. होडी त्यांच्याच वाट्याला यावयाची आहे.